कामाला लागलं की निराधारची पेन्शन बंद होते का?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोण ना कोण विचारतंच. मी स्वतः पोलिओवाला, साइड व्हील लावलेल्या गाडीवरनं फिरतो, आणि संजय गांधी निराधार योजनेची दिव्यांग पेन्शन चालू असताना कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस बिलं करायला जात होतो, त्यामुळं लोकांना वाटतं ह्याला सगळं माहीत असणार. सगळं नाही, पण ठेच लागून जे कळलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, "काम करतोय म्हणजे दिव्यांग नाही" असं कुठंही नाही. दिव्यांगत्वाचा दाखला शरीरावर असतो, कमाईवर नाही. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांच्या बोर्डापुढं बसून जे 40 टक्के, 55 टक्के काय लिहून मिळालं असेल ते तुम्ही दुकानात बसलात म्हणून कमी होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्याला सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षणच ठेवलंय, म्हणजे काम करावं हे कायद्यालाच अपेक्षित आहे की. त्यामुळं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), एसटीतली 75 टक्के सवलत, हे कामामुळं जात नाही. हे एवढं डोक्यातनं काढून टाका, कारण ह्याच भीतीपायी कितीतरी पोरं घरात बसून आहेत.

अडचण येते ती उत्पन्नाची. संजय गांधी निराधार योजनेत कामाचं बंधन नाही, उत्पन्नाचं आहे, आणि ते सुद्धा तुमच्या एकट्याचं नाही तर अख्ख्या कुटुंबाचं, आणि महिन्याचं नाही तर वर्षाचं. योजनेची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 21 हजार. भागाकार करा, महिन्याला साडेसतराशे! एवढ्यात आजकाल गॅस आणि दूध सुद्धा भागत नाही, पण नियम तो नियम. दिव्यांगांसाठी आज जो आकडा चालू आहे तो तहसीलमधल्या निराधारच्या टेबलाजवळ विचारून स्वतः कागदावर लिहून आणा, कोण व्हॉट्सअॅपवर काय पाठवतंय त्यावर जाऊ नका, मध्ये मध्ये जीआर बदलतात आणि जुने मेसेज फिरत राहतात. पैसे मात्र आता बरे झालेत, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2500, त्याआधी 1500 होते.

मग काम धरण्याआधी करायचं काय, तर वही घ्यायची आणि 1 एप्रिल ते 31 मार्च असं वर्ष आखायचं. महिन्याचा हिशोब करूच नका, आपल्याकडं अर्धवेळ काम म्हणजे बहुतेक हंगामी असतं, गुऱ्हाळाचा हंगाम, नवरात्रातला अंबाबाईच्या देवळाजवळचा स्टॉल, लग्नसराई, मार्च एन्ड. माझ्या मावसबहिणीचंच बघा. तिला ऐकायला येत नाही, घरात ती आणि तिची आई दोघीच, ती साड्यांना फॉल-पिको करून देते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेली तेव्हा दिवाळीचे दिवस होते, विचारलं महिन्याला किती मिळतात, हिनं सरळ सांगितलं सहा हजार. कारण त्या महिन्यात 60 साड्या झाल्या होत्या, साडीला शंभर. तिकडं लिहिताना गुणिले बारा झालं आणि कागदावर 72 हजार! खरं काय होतं, तर आषाढात महिन्याला दहा साड्या पण येत नाहीत, अख्ख्या वर्षाच्या मिळून 260 झाल्या, म्हणजे 26 हजार, त्यात फॉलचं कापड आणि दोरा साडीमागं 40 रुपये जातात, ते 10,400 वजा केले की हातात राहिले 15,600. कुठं 72 हजार आणि कुठं साडेपंधरा. तिनं खोटं सांगितलं नव्हतं, फक्त चुकीचा महिना सांगितला. नंतर तिची वही घेऊन आम्ही परत गेलो, प्रत्येक पानावर तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, किती साड्या, आणि दोऱ्याच्या दुकानाच्या पावत्या मागं टाचलेल्या, तेव्हा कुठं दुरुस्त झालं. म्हणून वही पहिल्या दिवसापासून घाला. शंभर पानी, वीस-पंचवीस रुपयांची.

उत्पन्नाचा दाखला सेतूतनं किंवा महा ई-सेवा केंद्रातनं मिळतो, त्याच्या आधी तलाठ्याचा अहवाल लागतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच बसलंय). मला विचारलं होतं रेशनकार्डावर कोण कोण आहे आणि कोण काय करतं, त्यामुळं जाताना रेशनकार्डाची झेरॉक्स आणि घरातल्या कमावत्या माणसांचा हिशोब बरोबर ठेवा. भाऊ एमआयडीसीत कामाला असेल आणि एकाच कार्डावर असेल तर ते लपवून चालत नाही, आज ना उद्या कागदाला कागद भिडतो आणि मग घेतलेल्या पैशांची वसुली निघू शकते. रेशनचं पण बघून ठेवा, पिवळ्या कार्डाची मर्यादा 15 हजार, प्राधान्य कुटुंबाला शहरात 59 हजार आणि गावात 44 हजार, म्हणजे पेन्शन वाचवली आणि धान्य गेलं किंवा उलटं, असं व्हायला नको.

घरातल्या बायकांसाठी एक, दिव्यांग पेन्शन चालू असेल तर त्यावर लाडकी बहीणचे 1500 वेगळे मिळत नाहीत, दुसऱ्या योजनेतनं तेवढे किंवा जास्त मिळत असले की त्यात बसत नाही. दोन्हीकडं फॉर्म भरून टाकू बघू काय होतंय, हा उद्योग करू नका.

आता माझी फजिती सांगतो, ही कोण सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

ज्या हिवाळ्यात निराधारचे पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडनं थेट आधारला जोडलेल्या बँक खात्यात, यायला लागले, त्याच हिवाळ्यात मला वर्कशॉपमध्ये काम लागलं. डिसेंबर ते मार्च, दुपारी 2 ते 6, महिना चार हजार. चार महिन्यांचे 16 हजार, घरात मी आणि आई, तिचं उत्पन्न काही नाही, हिशोब बसत होता म्हणून निर्धास्त गेलो. मालक म्हणाला पगार रोख देत नाही, बँकेत खातं काढ. चांगलंच आहे की, रोखीपेक्षा खात्यात आलेला पगार पुरावा म्हणून कामाला येतो. गेलो, फॉर्मवर दिसेल तिथं सह्या केल्या, आधारची झेरॉक्स दिली, खातं झालं.

जानेवारीत पेन्शन आली नाही. फेब्रुवारीत पण नाही. आई म्हणाली बघ, मी सांगत होते कामाला जाऊ नको, कुणीतरी कळवलं असणार. मी पण घाबरलो, दोन दिवस कामावर गेलोच नाही, ज्या टेबलावर चौकशी केली तिथं "वरनंच आलं नाही" एवढंच उत्तर, परत चार दिवसांनी जिना चढून तेच उत्तर. शेवटी वर्कशॉपमधला एक पोरगा म्हणाला दादा तुमचं सीडिंग बघू, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते. मोबाईलवर माय आधारच्या साइटवर गेला, ओटीपी टाकला, बँक सीडिंग स्टेटस उघडलं, तर तिथं माझी जुनी बँक नव्हतीच, नवीन पगाराची बँक! खातं काढताना ज्या सह्या ठोकल्या त्यात एका चौकटीत "सरकारी लाभ ह्या खात्यात घ्यायला संमती" होती, मी वाचलंच नाही. डीबीटीचे पैसे आधारला जी बँक शेवटी जोडली तिकडं जातात, जुनं खातं कितीही वर्षांचं असूदे. पैसे सगळे व्यवस्थित नवीन खात्यात पडून होते, आणि मी जुन्या बँकेचं पासबुक महिन्यातनं तीनदा भरून आणत होतो. कुणी कळवलं नव्हतं, काही नाही.

तर नवीन पगाराचं खातं काढताना ती चौकट बघा, पेन्शन जुन्याच खात्यात हवी असेल तर तिथं खूण करू नका. झालीच असेल तर जुन्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म परत भरायचा. आणि पेन्शन थांबली की पहिल्यांदा हे स्टेटस बघा, मग हयातीचा दाखला दिलाय का ते आठवा (वर्षातनं एकदा द्यावाच लागतो, कामाच्या नादात राहून जातो), मग उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा, आणि ह्यातलं काहीच नसेल तरच तहसीलचा जिना चढा.

मालकाशी बोलताना लाजायचं नाही. पगाराची स्लिप मागा, साध्या लेटरहेडवर शिक्का मारून दिली तरी चालतंय, त्यावर कधीपासून कधीपर्यंत आणि किती हे लिहिलेलं पाहिजे, म्हणजे गुणिले बाराची भानगड होत नाही. कारखान्याला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर दिव्यांग कामगारासाठी पगाराची मर्यादा 25 हजार आहे, बाकीच्यांना 21, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. पायऱ्या चढायच्या नसतील, टेबल खाली हवं असेल, संडासाजवळ जागा हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. मी आठ दिवस काही बोललो नाही, दुसऱ्या मजल्यावर फायली आणायला जिना चढत होतो, कळल्यावर मालकानंच डोक्याला हात लावला आणि कपाट खाली आणून दिलं.

काम मिळत नसेल तर घरबसल्याचं बघा, आणि आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक दीदींनी 1984 साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था आहे, जाऊन भेटून या. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, शिलाई मशीन, गाडा असलं काही त्यातनं मागता येतं. तोंडी नको, अर्ज द्या, आणि ग्रामसभेत विचारा मागच्या वर्षी ते पैसे कशावर गेले. बाकं शांत होतात बघा.

आणि उत्पन्न मर्यादेच्या वर जाणारच असेल तर? मला ह्या वर्षी बारा महिन्यांचं काम मिळालं, महिना सहा हजार, वर्षाचे 72 हजार. पेन्शन वर्षाची 30 हजार. आईचं म्हणणं पेन्शन सोडू नको, पगार आज आहे उद्या नाही, आणि तिचं चुकीचं नाही, वर्कशॉप कधी बंद पडेल कोण सांगणार. चार दिवस मी पण घुटमळलो. पण लपवून दोन्ही घ्यायचं तर वर्षभर दाखला काढताना पोटात गोळा, आणि काम सुटलंच तर नवीन उत्पन्नाचा दाखला काढून परत अर्ज करता येतो, दार कायमचं बंद होत नाही. म्हणून साधा अर्ज लिहिला, अमुक तारखेपासून मला अर्धवेळ काम मिळालं आहे, माझं कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त होत असल्यानं माझं अनुदान त्या महिन्यापासून बंद करावं, काम सुटल्यास पुन्हा अर्ज करीन. खाली सही, आधारचे शेवटचे चार आकडे, लाभार्थी क्रमांक. टेबलावरच्या बाईंनी दोनदा वाचला, म्हणाल्या चालू करा म्हणून रोज येतात, बंद करा म्हणून तुम्हीच आलाय. मी म्हटलं पोच द्या. झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेतली, युडीआयडीच्या फाईलमध्येच ठेवलीय, पुढं कधी परत अर्ज करायची वेळ आली तर पहिला कागद हाच लावणार.