पुरुषोत्तमला पहिल्यांदाच जाताय? मग आधी लेव्हल उचलायला शिका

पुण्यातल्या कॉलेजात ॲडमिशन घेतली की पावसाळ्यात एक नोटीस दिसतेच, पुरुषोत्तमच्या ऑडिशनची. बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते, साधारण ऑगस्टात प्राथमिक फेरी, सप्टेंबरात अंतिम, आणि सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलं की अंगावर काटा येतो, हे मात्र सांगून कळत नाही.

मी बार्शीचा, एफवाय बीकॉमला. शाळेच्या गॅदरिंगला दोनदा शिवाजी महाराज झालेलो, म्हणजे आपण ॲक्टरच. यादी लागली तर माझं नाव बॅकस्टेजला. रागाने दोन दिवस गेलोच नाही तालमीला, कुणी विचारलंही नाही का आला नाहीस, मग गुपचूप तिसऱ्या दिवशी गेलो तर हातात झाडू. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं बरं का, अपमान वगैरे समजू नका. तालमीचा हॉल झाडायचा, चहा आणायचा, आज कोण आलं नाही ते लिहून ठेवायचं. ही कामं करताना नाटक पाठ होतं, कुणाचा आवाज कुठे बसतो, कोण कुठल्या वाक्याला अडखळतं, दिग्दर्शक कधी चिडणार, सगळं.

मला काम काय होतं, तर एका ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे स्टेजवर पूर्ण अंधार असताना, दोन लेव्हल, म्हणजे चढून उभं राहायचे लाकडी चौथरे, उजव्या विंगेतून आणून मध्ये टेपच्या खुणेवर लावायच्या. नऊ सेकंद. लाइट आला की आमची मेन रोलवाली, टीवायची सीनियर, सगळे तिला ताईच म्हणायचो, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत बोलत मागे दोन पावलं जाते आणि न बघता लेव्हलवर चढते. दिसायला काहीच नाही, पण सगळा सीन त्या न बघण्यावर.

स्पर्धेच्या आठ दिवस आधीच्या रन-थ्रूला मी लेव्हल वीतभर बाजूला ठेवली. ताई पडली, घोटा सुजला. आणि मी काय म्हणालो माहितीये? "खालची टेप निघाली होती." टेप जागेवर होती, मी घाईत बघितलीच नव्हती. माझ्याबरोबर लेव्हल धरणाऱ्या पोराला हे माहीत होतं, तो माझ्याकडे बघून गप्प बसला. मला तेव्हा वाटलं वाचलो, वाचलो वगैरे काही नाही, तो त्या दिवसापासून माझ्याबरोबर चहाला यायचा बंद झाला.

खरी गंमत पुढे. दोन दिवसांनी ताई पायाला क्रेप बँडेज बांधून परत आली आणि त्या जागेला खाली बघायला लागली. अगदी किंचित, मान पण हलायची नाही, पण वाक्य मेलं ना तिथेच! दिग्दर्शक तिच्यावर ओरडतोय, "लक्ष कुठंय तुझं?" आणि लक्ष कुठंय ते हॉलमध्ये मला आणि त्या पोरालाच माहीत. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी तालीम सुटल्यावर मी सांगून टाकलं, टेप निघाली नव्हती, मी चुकलो. मला वाटलं आता जाहीर धुलाई होणार. ती फक्त म्हणाली, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी टेपला घाबरले नसते."

पण सॉरी म्हणून पाय काही ऐकत नाही, ती तरीही खाली बघायचीच. मग त्या गप्प पोरानेच आयडिया काढली, लेव्हल खुणेवर बसली की नखाने दोनदा टकटक करायचं. टकटक ऐकू आलं तर जागेवर आहे, नाही आलं तर ताईने उभ्यानेच बोलायचं, चढायचंच नाही. चुकलो तर काय करायचं हे पण ठरलेलं. दोन दिवसांत तिची नजर वर आली.

तेव्हा नवीन लोकांना माझं एवढंच, टीमवर विश्वास ठेवा असं कुणी म्हणालं की त्याला विचारा, म्हणजे नक्की करायचं काय. बाकी फुटकळ गोष्टी: खुणेला साध्या टेपवर रेडियमचा बारीक तुकडा लावा, प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या सामानाच्या, यादीत वस्तूसमोर एकाच माणसाचं नाव हवं, "आपण बघू" म्हटलेली वस्तू हमखास हॉस्टेलवर राहते. चप्पल काढून काम करा. आणि अटेंडन्सचं आधीच सरांशी बोलून घ्या, माझं एका विषयात त्यामुळे बेक्कार झालं होतं.

करंडकाच्या आशेवर तर जाऊच नका, २०२२ ला परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नव्हता, केवढा वाद झाला होता तेव्हा. आम्ही तर अंतिम फेरीतही नव्हतो. प्राथमिक फेरीत मात्र ताई न बघता चढली आणि विंगेत त्या पोराने माझा हात एवढा जोरात दाबला की मी ओरडणार होतो. रात्री अमृततुल्यला त्याच्या चहाचे पैसे मी दिले, तो मी देतो, मी देतो म्हणेपर्यंत.

पुढच्या वर्षी मला रोल मिळाला, चार वाक्यांचा. त्यातही अंधारात एका खुर्चीवर बसायचं होतं, खुर्ची ठेवणारा एफवायचा नवा पोरगा. त्याला टकटक शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी नीट केलं. मी तरी हात मागे नेऊन खुर्ची चाचपलीच. पाच-सहा तालमी तरी चाचपत होतो.