जुन्या सायकलच्या कॉटरवर हातोडी उचलण्याआधी

नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्याच्या जिन्याखालून सोनिपतची अ‍ॅटलस, आसनसोलची सेन-रॅले किंवा आंबत्तूरची हर्क्युलिस निघाली की लोक पहिल्याच दिवशी रंगाचा डबा आणतात. रंग सगळ्यात शेवटी. आधी मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) दोरी बांधा, ती हेड ट्यूबला (हँडलखालची पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर फ्रेम सरळ करून घेतल्याशिवाय पुढे खर्च करू नका.

चाकं, हँडल, चिमटा, मडगार्ड सुटे करायला एक दुपार पुरते. गाडी अडते ती कॉटरपाशी, म्हणजे क्रँक (पॅडलची दांडी) मधल्या एक्सलला जखडणाऱ्या पिनेपाशी.

नट काढून टाकायचा आणि पिनेवर हातोडी मारत सुटायचं, हा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं पिनेचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग ती भोकातून बाहेर येणं मुश्कील. कॉटर हा खिळा नाही, पाचर आहे. त्याची तिरपी बाजू एक्सलच्या खाचेवर घट्ट बसलेली असते, म्हणून चिल्लर ठोक्यांनी ती हलत नाही.

दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर विसरा. सकाळी नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. आता खरं काम: पाऊण इंची जीआय पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंतच्या मापात कापा आणि क्रँकखाली उभा करा. पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत आणि पाइपची कड क्रँकला टेकलेली हवी. हा आधार नसेल तर तुमचा प्रत्येक घाव एक्सलमधून छऱ्यांवर जातो, छर्रे फिरतात त्या कपांत खड्डे पडतात, आणि नवे छर्रे घालूनही पॅडल खरखरत राहतं. मग किलोभर वजनाच्या हातोडीचा एकच सरळ घाव. दहा हलके ठोके पिनेला फक्त वाकवतात. पिन हलली की नट काढा आणि पंचानं बाहेर ढकला.

तरीही हलली नाही तर तेल नीट पुसून क्रँक ब्लोलॅम्पनं तापवा (पुसलं नाही तर पेटतं) आणि पुन्हा मारा. ड्रिल हा शेवटचा उपाय. घरच्या हातड्रिलनं भोक सरकलं तर क्रँक भंगारात जाते, त्यामुळे सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या लेथवाल्याकडे न्या.

नवा कॉटर घेताना जुना सोबत ठेवा. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांना 9.5 मिलिमीटरचा लागतो. बाजारात 9 चाही मिळतो; तो आत सहज जातो आणि चार दिवसांत क्रँक खेळायला लागते. नवा कॉटर जसाच्या तसा ठोकू नका. त्याच्या तिरप्या सपाट बाजूला मार्करची शाई लावा, बसवून काढा, शाई कुठे पुसली ते पाहा. एकाच कडेला पुसली असेल तर शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून बारीक कानशीनं घासा. दोन्ही कॉटर सारखेच घासले पाहिजेत आणि उलटसुलट दिशेनं बसले पाहिजेत. एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली. नाहीतर पॅडलं एका रेषेत येत नाहीत. कॉटर ठोकून बसवायचा, तोही पाइपच्या आधारावर; नट फक्त तो जागेवर धरतो. नटानं ओढून बसवायला गेलात तर आटे जातात.

बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो तो भाग) उजवा कप उलट्या आट्यांचा, डावं पॅडलही तसंच. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे बीबीचे आटे इंचाला 26 असतात, इतरांचे 24, तेव्हा जबरदस्ती नको. बीबीत प्रत्येक बाजूला पाव इंची 11 सुटे छर्रे. हबचे काढताना मोजून ठेवा.

28×1½ च्या रिमला 635 मिलिमीटरचाच (टायरच्या आतल्या कडेचा व्यास) टायर लागतो. '28' एवढंच वाचून आणलेला 622 चा बसत नाही.

जुना रंग आणि सोनेरी रेघा थोड्याफार टिकल्या असतील तर रॉकेलनं पुसा, पॉलिश करा, थांबा. पावडर कोटिंगच्या जाड थराखाली लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांच्या) कडा बुजतात. करायचंच असेल तर बीबीचे आटे आधी झाकून घ्या.

गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की कॉटरला पाइपच्या आधारावर पुन्हा एक घाव द्या आणि नट आवळा. पहिल्या फेरीत तो थोडा सैलावतोच.