एक डेटा लेअर, दोन अ‍ॅनालिटिक्स साधने: जोडणीपूर्वीची तयारी

एकाच संकेतस्थळाचा डेटा लेअर (वस्तू, किंमत, ऑर्डर अशी माहिती ठेवणारी पानाच्या कोडमधली जागा) गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ आणि अ‍ॅडोबी अ‍ॅनालिटिक्स या भेटी आणि विक्री मोजणाऱ्या दोन्ही साधनांना जोडण्याचे काम एकदा माझ्या चांगलेच अंगाशी आले, म्हणून ही यादी. खात्यांचे प्रवेशाधिकार आणि टॅग मॅनेजरच्या (डेटा लेअरमधली माहिती या साधनांकडे पाठवणारे टॅग, म्हणजे कोडचे तुकडे, सांभाळणाऱ्या साधनाच्या) चालू आवृत्तीचा बॅकअप यांविषयी लिहीत बसत नाही.

प्रथम नावांचा तक्ता करावा. डेटा लेअरमधले कोणते फील्ड कोणत्या साधनात कोणत्या नावाने जाणार हे त्यात असावे आणि ‘किंमत’ या ओळीपुढे ती एका नगाची की सर्व नगांची मिळून, हे ठळक अक्षरांत लिहावे. मी नेमके तेच लिहिले नव्हते. गूगलला प्रतिनग दर लागतो, नगसंख्येने गुणाकार ते साधन स्वतः करते. अ‍ॅडोबीच्या प्रॉडक्ट्स स्ट्रिंगमध्ये (वस्तूंची माहिती सलग मजकुरात पाठवणाऱ्या फील्डमध्ये) मात्र त्या जागी सर्व नगांची एकूण रक्कम द्यायची असते. ५०० दराचे ३ नग असतील, तर एकीकडे ५०० आणि दुसरीकडे १,५०० गेले पाहिजेत. मी दोन्हीकडे १,५०० पाठवले आणि गूगलच्या आयटम अहवालात ४,५०० उमटले. ऑर्डरचे एकूण मूल्य वेगळ्या फील्डमधून बरोबर जात असल्याने कित्येक दिवस कोणाला शंकाही आली नाही, आणि नोंदला गेलेला आकडा मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

म्हणून चाचणीची ऑर्डर एका नगाची करूच नये. एकाने गुणले की ही चूक दिसत नाही. माझ्या सगळ्या चाचण्या एका नगाच्याच होत्या.

डेटा लेअरची घोषणा टॅग मॅनेजरच्या कोडच्या आधी असावी. प्रत्येक ई-कॉमर्स पुशपूर्वी (खरेदीची माहिती डेटा लेअरमध्ये टाकण्यापूर्वी) ‘ई-कॉमर्स’ ही की नल, म्हणजे रिकामी, करावी, कारण टॅग मॅनेजर जुनी माहिती नव्या माहितीत मिसळतो आणि अ‍ॅरे (वस्तूंच्या याद्या) क्रमांकानुसार जुळवतो. आधीच्या पुशमध्ये ३ वस्तू आणि नंतरच्या पुशमध्ये १ असेल, तर जुन्या २ तशाच चिकटून राहतात. हे झाले की किंमतीची ओळ पुन्हा वाचावी.

चलनाचा कोड आणि ऑर्डर क्रमांक दोन्हीकडे जातो ना, हे पाहावे. भेट देणाऱ्याची संमती मिळण्याआधी कोणताही टॅग सुटू नये. दोन्ही अहवालांचा टाइमझोन एकच ठेवावा. पानात थेट लिहिलेले जुने टॅग काढावेत.

प्रकाशित करण्यापूर्वी शेवटची ऑर्डर ३ नगांची, आणि आयटम अहवाल उघडून.