जुन्या लोखंडी सायकलीला सीटचा दांडा आणण्याआधी

दुकानात जाण्याआधी हातात एक आकडा हवा: दांड्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये आणि दशांशापर्यंत. सीटचे दांडे साधारण ०.२ मिमीच्या फरकाने मिळतात: २५.४, २५.८, २६.०, २६.२, २६.४ असं करत २७.२ पर्यंत. २६.८ आणि २७.० शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एका मापाने बारीक दांडा खड्ड्याखड्ड्याला खाली उतरत जातो. तो धरावा म्हणून बोल्ट आवळत राहिलं की फ्रेमच्या नळीचे कान (तोंडाशी असलेल्या चिरेच्या दोन बाजू, ज्यांतून बोल्ट जातो) आत चेपतात. एका मापाने जाड दांडा ठोकून बसवला, तर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यानंतर तो निघेलच याची खात्री नाही. रत्नागिरी, मालवण किंवा गुहागरच्या दुकानात २५.४ चा साधा दांडा बहुधा मिळून जाईल; बाकीची मापं कोल्हापूर-मुंबईहून मागवावी लागतात. चुकीचा आकडा म्हणजे एक खेप वाया.

हे काम मे महिन्यात उरका. मृगाचा पाऊस सुरू झाला की उघडी नळी दोन दिवसांत आतून तांबूस होते आणि माप पुन्हा घ्यावं लागतं.

जवळ एवढं असू द्या: ०.०२ मिमीपर्यंत वाचता येणारा व्हर्निअर कॅलिपर (प्लास्टिकचा नको, त्याचे जबडे वाकतात), टॉर्च, मोजपट्टी, बारीक पॉलिश पेपर, रॉकेल, ग्रीस, सुती चिंध्या, हातभर सुतळी आणि वही. व्हर्निअर नसेल तर लेथवाल्याकडे असतोच. सायकल घेऊन सरळ त्याच्याकडेच जाणं कधीकधी सोयीचं पडतं, कारण त्याच्याकडे टेलिस्कोपिक गेजही (भोकात खोलवर घालून व्यास घ्यायचं साधन) असतो. तो कशाला लागतो ते पुढे येईल.

आधी जुना दांडा बाहेर काढायचा. बोल्ट नुसता सैल करू नका, पूर्ण काढा. मग दांडा नळीत शिरतो तिथे गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. खोबरेल तेल या कामाचं नाही, ते फटीत हवं तसं शिरत नाही. सकाळी सीट घट्ट बसवून तिलाच धरून उजवीकडे-डावीकडे थोडं थोडं फिरवा. वर खेचायची घाई नको. फिरायला लागलेला दांडा आपोआप वर येतो. लोखंडी दांडा लोखंडी नळीत गंजून बसला असेल तर नळीला बाहेरून गरम केल्याने फायदा होतो. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उलटी गंमत होते: अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे दोन्ही तापले की पकड घट्ट होते. तिथे दांड्यावर बर्फ लावून तो आकसवावा. समुद्राजवळ ही जोडी सर्वांत वाईट अडकते, कारण खारट ओल दोन धातूंच्या मध्ये राहते आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी फुगून फट भरून टाकते.

दांडा निघाला की लगेच मोजायला जाऊ नका. नळी खाली बॉटम ब्रॅकेटच्या पेटीत (पेडलचा आस फिरतो तिथे) उघडते आणि तिथे ग्रीसमध्ये छर्रे असतात. घासताना सुटणारा गंज थेट त्यांच्यावर पडतो. म्हणून एक चिंधी सुतळीला बांधून नळीत वीतभर खाली घट्ट कोंबा, सुतळीचं टोक बाहेर ठेवा. आता पॉलिश पेपर लाकडी काठीला गुंडाळून आतली बाजू घासा, रॉकेलच्या चिंधीने पुसा. चिरेच्या कडेला आतून धार आलेली असते, तीही बोटाने चाचपून उतरवा. शेवटी सुतळी ओढली की सगळा कचरा चिंधीसकट वर येतो.

जुन्या दांड्यावर आकडा कोरलेला आहे का ते बघा. असला तर तो खालच्या, नळीत राहणाऱ्या भागावर असतो. साध्या दांड्यांवर बहुधा काहीच नसतं. मग मोजावं लागतं, आणि इथे मोठी चूक होते. या दांड्यांचा सीटची क्लिप बसते तो वरचा भाग मुद्दाम बारीक केलेला असतो, ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी. तिथे माप घेतलं की २२.२ आलं म्हणून लोक तोच आकडा घेऊन जातात. माप नळीतल्या भागाचंच घ्या, गंज आणि सुटलेल्या क्रोमच्या खपल्या काढून, तीन ठिकाणी. गंजाचा एक फोडही माप एका पायरीने वर ढकलू शकतो.

तरीही जुना दांडा हा पुरावा नाही. तो कुणीतरी कधीतरी बदललेला असू शकतो. नळीतून दांड्याबरोबर पत्र्याची पट्टी बाहेर आली, किंवा बोल्ट आवळल्यावर दोन्ही कान एकमेकांना टेकत होते, तर तो बारीक होता हे नक्की. शेवटचा शब्द फ्रेमचा.

फ्रेमची नळी आतून मोजताना तोंडापाशी एकच माप घेऊन थांबू नका. वर्षानुवर्षं आवळून तोंड अंड्यासारखं झालेलं असतं. पुढून-मागे आणि डावीकडून-उजवीकडे अशी दोन मापं घ्या. दोघांत ०.३ मिमीहून जास्त फरक आला तर तोंड बिघडलंय असं समजा आणि चिरेच्या खाली मोजा. व्हर्निअरचे आतले जबडे फार तर दीड सेंटिमीटर आत जातात, चीर त्याहून लांब असते. टेलिस्कोपिक गेज लागतो तो यासाठी. शिवाय जबड्यांच्या कडा किंचित सपाट असल्याने गोल भोकात माप जरासं कमी दाखवतं. म्हणून २६.७४ वाचलं तर २६.६ नव्हे, २६.८ आधी घालून बघा.

बाहेरच्या मापावरून अंदाज बांधता येतो, पण तेवढाच. बहुतेक जुन्या फ्रेमची उभी नळी बाहेरून २८.६ मिमी म्हणजे सव्वा इंचाला अर्धपाव कमी, १ १/८ इंच असते. पत्रा १.६ मिमी जाड असेल तर आत २५.४ उरतात, ०.९ असेल तर २६.८, ०.७ असेल तर २७.२. दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या काळ्या भारी सायकली बहुधा पहिल्या गटात बसतात, हलक्या स्पोर्ट्स फ्रेम पुढच्या दोन गटांत. कंपनीचं नाव सांगून माप ठरत नाही ते यामुळेच.

व्हर्निअर मिळालाच नाही तर जुन्या दांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. २५.४ ला परीघ ७९.८ मिमी येतो, २७.२ ला ८५.५. एका पायरीने परीघात जेमतेम ०.६ मिमी फरक पडतो, त्यामुळे ही युक्ती गट ओळखण्यापुरतीच वापरा.

दुकानात शक्य असेल तर दोन लगतची मापं घालून बघा. ग्रीसचा हलका हात लावलेला जो जाडांत जाड दांडा नुसत्या हाताने, थोडा पीळ देत, न डुगडुगता आत जातो, तोच बरोबर. बोल्ट आवळल्यावर कानांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहायला हवी. बरोबर माप मिळेपर्यंत शीतपेयाच्या डब्याचा पत्रा चालेल: तो साधारण ०.१ मिमीचा असतो, एक वेढा दिला की व्यास ०.२ ने वाढतो. दोन वेढ्यांच्या पुढे जाऊ नका, पत्रा सरकून आत पडतो.

मापासोबत लांबीही लिहून घ्या. व्यासाच्या अडीच पट भाग, म्हणजे २५.४ ला ६४ मिमी, नळीत राहिलाच पाहिजे, आणि दांड्याचं टोक आडव्या नळीच्या जोडाखाली गेलेलं हवं. नाहीतर सगळा भार जोडावर येऊन तो तडकतो.

बसवताना नळीत आणि दांड्यावर भरपूर ग्रीस लावा. जुन्या ट्यूबचा तीन बोटं रुंद तुकडा कापून दांडा नळीत शिरतो तिथे चढवा, म्हणजे मागच्या चाकाने उडवलेलं तांबड्या मातीचं पाणी चिरेतून आत जाणार नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा दांडा काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस लावायचं. सीटची उंची हलू नये म्हणून काढण्याआधी दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, आणि मापाचा आकडा सीटच्या खालच्या बाजूला रंगाने लिहा.