साथीच्या तपासात लाइन लिस्ट कशी भरावी

संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात उतरलेल्या डॉक्टरला लाइन लिस्ट नीट भरता आलीच पाहिजे. लाइन लिस्ट म्हणजे साथीतल्या रुग्णांची तक्त्यातली यादी: एका रुग्णाला एक ओळ, प्रत्येक माहितीला एक रकाना. काम कारकुनी वाटतं, पण साथीचं कारण इथेच सापडतं किंवा इथेच हरवतं.

समजा, सामूहिक जेवणानंतर जुलाबाची साथ आली आहे. आधी रुग्णव्याख्या, म्हणजे कोणाला रुग्ण धरायचं ते, लिहा: जेवणाला हजर असलेली आणि जेवणानंतरच्या ७२ तासांत, कोणत्याही २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झालेली व्यक्ती. संशयित पदार्थ व्याख्येत घालू नका. ‘अंडी खाल्लेली व्यक्ती’ असं लिहिलंत, तर अंडी न खाता आजारी पडलेले आपोआप गळतात आणि तुमचा संशय तपासायची सोयच उरत नाही.

सर्वांत मोलाचा रकाना लक्षणं सुरू झाल्याच्या वेळेचा. दवाखान्यात आल्याची वेळ तिथे चालत नाही. ‘शनिवारी रात्री दोनला’ म्हणजे बहुधा रविवार उजाडल्यावरचे दोन. ही तारीख हमखास चुकते. म्हणून ‘झोपण्याआधी त्रास झाला की झोपेतून उठावं लागलं?’ असं विचारा. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाने साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेला या जिवाणूला ६ ते ७२ तास लागतात. एका तारखेची चूक झाली, की २४ तासांचा फरक पडतो आणि तपास भलत्याच जंतूमागे जातो.

मग निरोगी राहिलेल्यांनाही तेच प्रश्न विचारा. घाईत हेच राहून जातं, आणि त्याविना तुलना होत नाही. समजा, अंडी खाल्लेल्या ६० पैकी ४२ आजारी, म्हणजे ७० टक्के; न खाल्लेल्या ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के. धोका सातपट. ते चौघे गैरसोयीचे वाटले तरी यादीतून काढू नका. अंडी आणि इतर पदार्थ वाढायला डाव एकच वापरला गेला असेल, किंवा काय खाल्लं ते आठवत नसेल. त्यांना पुन्हा भेटा.

शौचाचे नमुने शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी घ्या. जिवाणूंसाठी कॅरी-ब्लेअर माध्यम (नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवाणू टिकवणारं) वापरा. नोरोव्हायरसची शंका असेल तर माध्यमाविना वेगळा नमुना थंड ठेवून पाठवा. नमुन्यावरचा क्रमांक यादीतल्या ओळीशी जुळतो ना, हे डबा बंद करण्याआधी पाहा.