मृग लागायच्या आत चिनी गुलाबाखालचं पाणी वाटेला लावा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरतोय. मृग ७-८ जूनला लागतं आणि नागपुरात मान्सून साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो. चिनी गुलाब, म्हणजे ऑफिस टाइम लावणाऱ्यांनी वाफ्यांचा निचरा याच दिवसांत करून घ्यावा. बाकीची कामं मागे पडली तरी चालतील.

४५ अंशांच्या उन्हात भुईवर पसरून फुलणारं हे झाड पहिल्या दोन झडींत बुडाशी काळं पडून पिचतं. दरवर्षी पाहतोय. नर्सरीवाले म्हणतात, रोग आला. पण त्याआधी तीन दिवस ट्रेखाली पाणी तुंबलेलं असतं, तिकडे कोणी पाहत नाही. चिनी गुलाब मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या घोळीच्या भाजीचा भाऊबंद. पाना-खोडात पाणी साठवून जगतो. आपली काळी माती ओल सोडत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि कूज लागते.

म्हणून वाफा वीतभर उंच करा, कडेने चर काढा. कुंडीत दोन भाग रेती, एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. ट्रे प्लास्टिकवर नको, गिट्टीवर ठेवा. मगभर पाणी ओतून पाहा. वर तळं राहिलं तर मिश्रण बदला.

इतर कामं:
– वाढलेले शेंडे खुडणे
– तण काढणे
– पावसात रोजचं पाणी बंद
– पिठ्या ढेकूण दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क

बुड काळं पडलं की दुकानदार टॉनिक, ह्युमिक, महागडी बाटली पुढे करतो. घेऊ नका, त्यानं पाणी हटत नाही. आधी चर मोकळा करा, सडलेली झाडं उपटा, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन बुडाशी ओता. शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी दिली असेल तर दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर हवं.

माझा एक अंदाज: लख्ख ऊन असून दहा वाजेपर्यंत कळ्या उमलल्या नाहीत, तर मुळं गुदमरताहेत. त्या दिवशी पाणी देऊ नका, बोट खुपसून ओल बघा.

आणि आजच प्रत्येक रंगाच्या दहा-बारा काड्या, चार बोटं लांबीच्या, रेतीत खोचून शेडखाली उजेडात ठेवा. वाफा बुडालाच तर बेणं घरचं राहील.