मेपलचा रस गोळा करण्यासाठी नळ्या टाकताय? या चुका टाळा

गावाकडे ज्यांनी ठिबक सिंचन बसवले आहे, त्यांना अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मेपलच्या (ज्याचा गोड रस आटवून सिरप करतात त्या झाडाच्या) रानात पसरलेले नळ्यांचे जाळे पहिल्यांदा पाहताना सगळेच ओळखीचे वाटते: मेनलाइन (मुख्य नळी), तिला जोडलेल्या लॅटरल (बारीक उपनळ्या), टी (तीन तोंडांचे जोड), जॉइनर (दोन तुकडे जोडणारे जोड) आणि बंद केलेली टोके. मलाही तसेच वाटले होते आणि पहिल्या हंगामातील माझ्या बहुतेक चुका या ओळखीपायीच झाल्या. ठिबकमध्ये पंप पाणी पुढे ढकलतो, त्यामुळे नळी थोडी वरखाली गेली तरी निभावते आणि कुठे गळती झाली तर ओली जमीन ती जागा आपणच दाखवते. मेपलच्या नळीतील रस उताराने खाली येतो आणि नळीत दाबाऐवजी ओढ (व्हॅक्यूम) असते; पंप असला तरी तो ढकलत नाही, टाकीकडून शोषतो. तिला फट पडली की बाहेर थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. नळी कोरडी, खालचा बर्फ पांढराशुभ्र आणि टाकीत मात्र रस निम्माच, असा प्रकार होतो. एक लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो, हे लक्षात घेतले तर हा निम्मेपणा किती महाग पडतो ते कळेल.

उतार आणि झोळ

मेनलाइनला शंभर फुटांमागे किमान दोन फूट उतार हवा. तो डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये, कारण डोंगरउतारावर उभे राहिले की सपाट काय आणि चढ काय, हे डोळ्यांना नीट उमगत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल-नळी येथे उत्तम चालते, मात्र शरद ऋतूतच. जानेवारीत ती घेऊन गेलात तर नळीतले पाणी गोठेल. आधी १२.५ गेजची ताणतार ओढून घट्ट करावी, उतार तिच्यावर पक्का करावा आणि मगच नळी फूटफूट अंतरावर त्या तारेला बांधावी. तार न लावता नुसती नळी झाडांना टांगली, तर रसाच्या वजनाने तिला ठिकठिकाणी झोळ पडतो. झोळात साचलेला रस रात्री गोठतो, सकाळी तेथे बर्फाचे बूच तयार असते आणि वरच्या झाडांना पाझर फुटूनही तो बूच वितळेपर्यंत रस अडून राहतो. उन्हाचे चांगले तास असे वाया जातात. शिवाय चार दिवस हवा उबदार राहिली, तर तोच साचलेला रस आंबतो. तार झाडाला बांधताना बुंध्याभोवती थेट गुंडाळू नये. मध्ये लाकडाच्या पट्ट्या ठेवाव्यात, नाहीतर काही वर्षांत झाड ती तार गिळून टाकते.

लॅटरल: किती झाडे, कोणती नळी

५/१६ इंची लॅटरलवर पाच ते दहा तोट्या (झाडाच्या भोकात ठोकलेली, रस नळीत आणणारी टोके) असाव्यात आणि तिची लांबी शंभर फुटांच्या आत असावी. नळी वाचवण्यासाठी एकाच लॅटरलवर वीस-पंचवीस तोट्या चढवल्या, तर पंपाची ओढ टोकाच्या झाडांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात; ती एका इंचाने वाढली की रस ढोबळमानाने पाच ते सात टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे हा तोटा थोडाथोडका नसतो.

३/१६ इंची नळीचे तंत्र वेगळे आहे. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रातील टिम विल्मॉट यांनी ते पुढे आणले. इतक्या अरुंद नळीत रस संपूर्ण पोकळी भरून उतरतो आणि त्या रसस्तंभाचे वजनच वरच्या झाडांवर ओढ निर्माण करते, म्हणून पंप लागत नाही. प्रत्येक फूट उतरणीमागे पाऱ्याच्या इंचाच्या पाऊण भागाहून थोडी अधिक ओढ मिळते. म्हणजे वरच्या झाडापासून टाकीपर्यंत ३० फुटांची उतरण असेल, तर जवळपास पंपाइतके काम फुकटात होते. ही नळी सपाट जागेवर टाकणे म्हणजे पैसे बर्फात पुरणे. दुसरी चूक म्हणजे एका नळीवर चार-पाचच तोट्या लावणे: तेवढ्या रसाने स्तंभ भरत नाही. पंधरा ते पंचवीस तोट्या ठीक. आणि पहिल्या वर्षीच्या भरघोस रसावर भाळू नये. या नळीच्या टी आतून फार अरुंद असतात. त्यांत भुसा अडकतो, जंतूंचा बुळबुळीत थर साचतो आणि दोन-तीन वर्षांत रस घटू लागतो. तेव्हा झाडाला दोष न देता टी उघडून पाहावी.

जोडाजवळची घाई

माझी सर्वांत लाजिरवाणी चूक जोडाची आहे. फेब्रुवारीच्या थंडीत नळी इतकी कडक झाली होती की टी आत जाईना, म्हणून मी नळीचे टोक लायटरने शेकले. जोड झटकन बसला आणि मी खूश झालो. प्रत्यक्षात एका बाजूचे प्लास्टिक पातळ होऊन टीच्या कडांपासून सुटले होते, आणि ती केसाएवढी फट मला दोन आठवड्यांनी सापडली. ज्योत वापरू नये. थर्मासमध्ये गरम पाणी न्यावे, टोक काही सेकंद त्यात बुडवावे आणि मऊ असतानाच टीच्या सर्व कडांवरून शेवटपर्यंत ढकलावे. नळी सरळ काटकोनात कापावी. तिरक्या कापाची एक बाजू कडांपर्यंत पोहोचतच नाही. तेल किंवा साबण लावू नये, कारण जोड जसा सहज बसतो तसाच सहज निसटतो. काढलेला जोड पुन्हा बसवायचा झाला, तर ताणले गेलेले टोक इंचभर कापून टाकावे.

थंडीत प्लास्टिक आकसते आणि उन्हात सैल पडते. म्हणून कडाक्याच्या थंडीत घट्ट ताणलेली लॅटरल मार्चमध्ये लोंबते. लॅटरल झाडांच्या आलटूनपालटून बाजूंनी नागमोडी नेली, तर बुंध्यांच्या घर्षणानेच ती ताठ राहते. मेनलाइनला सॅडल (लॅटरल जोडण्याचा, नळीवर बसणारा जोड) लावताना भोक वरच्या अंगाला पाडावे आणि भोकाचा कीस नळीत राहू देऊ नये.

झाड आणि तोटी

दहा इंचांहून कमी व्यासाच्या झाडाला भोक पाडू नये. धारदार ५/१६ इंची ड्रिलने, किंचित वरच्या दिशेने, दीड इंच खोल भोक पुरे. भुसा पांढरट हवा. तपकिरी निघाला तर लाकूड मेलेले आहे, तेथून रस येणार नाही. तोटी हलक्या हातोडीने ठोकताना आवाज पोकळाचा भरीव झाला की थांबावे. आणखी एक ठोका घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याच ठोक्याने लाकूड उभे चिरते व तेथून हवा शिरते. तोटीपासून लॅटरलपर्यंतची ड्रॉप (लोंबती जोडनळी) किमान ३० इंच असावी, ३६ असल्यास उत्तम. आखूड ड्रॉपमुळे दरवर्षी बुंध्याच्या त्याच पट्ट्यात भोके पडतात, आणि जुन्या जखमेच्या वर-खालचे लाकूड कायमचे निकामी झालेले असते.

रस कमी येत असेल तर

शोध रस वाहत असतानाच घ्यावा. टाकीकडून वर चढत एकेका लॅटरलमध्ये पाहावे. अधूनमधून येणारा संथ बुडबुडा झाडाचाच असतो, त्याची चिंता नको. बुडबुडे एकामागून एक पळत असतील, तर हवा त्या जागेच्या वर कोठेतरी शिरते आहे. शांत सकाळी कान लावला तर बारीक सूं-सूं ऐकूही येते. बहुतेक वेळा खारीच्या दातांची दोन टोचणी सापडतात. त्यांवर चिकटपट्टी लावू नये, थंडीत ती टिकत नाही; तेवढा तुकडा कापून जॉइनर बसवावा. सोडियमयुक्त ब्लीचने धुतलेल्या नळ्यांत राहणारा खारटपणा खारींना ओढून आणतो, म्हणून त्या भरपूर पाण्याने खंगाळाव्यात. गळती नसूनही रस लवकर आटला, तर तोट्या जुन्या आहेत का ते पाहावे. रात्री झाड गोठू लागले की ते नळीतला रस परत आत ओढते आणि जुन्या तोटीतले जंतू त्याबरोबर भोकात जातात. म्हणून तोट्या दरवर्षी नव्या घ्याव्यात, आणि कळ्या फुगू लागताच त्या काढून ड्रॉपची टोके टीवरच्या खुंटीला लावून बंद करावीत.